ख्रिस्तपुराणाचे फादर स्टीफन्स आणि नकला उतरवणारे हात



मागे एकदा गायनमंडळाचा सराव चालू असताना एका गीताच्या दुसऱ्या कडव्यापाशी सगळे अडखळले. तीन पाड्यांवरून आलेल्या तीन वह्या समोर होत्या आणि तिन्हींत ते कडवे वेगवेगळे होते. एका वहीत एक शब्द, दुसरीत त्याच्याजवळचा दुसरा शब्द, आणि तिसरीत एक ओळच गळलेली. मोठ्या बहिणीच्या वहीवरून धाकटीने उतरवले, तिच्या वहीवरून मैत्रिणीने, आणि असे होत होत गीत बदलले. सगळे हसले. आमच्या वाचकांपैकी एक तरुण मात्र हसला नाही.

सराव संपल्यावर तो मागे थांबला. बायबलही असेच हातांनी उतरवले गेले आणि उतरवणाऱ्यांनी त्यात बदल केले, असे त्याला कॉलेजमधल्या मित्राने मोबाईलवर दाखवले होते. मग रविवारी वेदीजवळ उभे राहून आपण वाचतो ते शब्द नक्की कोणाचे, असा त्याचा प्रश्न होता. आम्ही घाईत होतो. देवाचे वचन बदलत नसते, मनात शंका आणू नये, एवढे सांगून आम्ही त्याला वाटेला लावले. त्यानंतर तीन रविवार तो वाचनाला पुढे आला नाही.

बंधुभगिनींनो, चूक आमची होती. प्रश्न प्रामाणिक होता आणि उत्तर उडवाउडवीचे. तोच प्रश्न आणखी कितीजणांच्या मनात असेल कोण जाणे. म्हणून आज या पानावर आम्ही त्याचे नीट उत्तर देण्याचा प्रयत्न करीत आहोत. त्यासाठी एका धर्मगुरूची जीवनकथा सांगावीशी वाटते. मराठी भाषेची थोरवी गाणारे धर्मगुरू म्हणून फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव अनेकांनी ऐकले आहे. त्यांच्या ग्रंथाचे पुढे काय झाले, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. आपल्या प्रश्नाचे उत्तर तिथे आहे.

इंग्लंड सोडले

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यातील बुश्टन या गावी १५४९ च्या सुमारास झाला. वडील व्यापारी होते. त्या काळी इंग्लंडमध्ये राणी एलिझाबेथ पहिली हिचे राज्य होते आणि मिस्सा साजरी करणे हा गुन्हा ठरला होता. थॉमस पाऊंड नावाच्या मित्राबरोबर रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करायचा, असे स्टीफन्स यांनी ठरवले. निघण्यापूर्वीच पाऊंड पकडले गेले आणि त्यांच्या आयुष्यातील सुमारे तीस वर्षे तुरुंगांत गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोचले आणि १५७५ साली येशूसंघात दाखल झाले.

पुढे त्यांना भारतात पाठवण्यात आले. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून पाच जहाजे निघाली, त्यांतील एकावर ते होते. आफ्रिकेला वळसा घालून येणारा तो प्रवास सहा महिन्यांहून अधिक चालला. जहाजावर आजार पसरला, सत्तावीस माणसे दगावली. २४ ऑक्टोबर १५७९ रोजी ते गोव्याला पोचले. काही दिवसांतच त्यांनी वडिलांना प्रवासाचे सविस्तर पत्र लिहिले. ते पुढे इंग्लंडमध्ये छापले गेले आणि आजही उपलब्ध आहे. भारतात येऊन स्थायिक झालेले ते पहिले ज्ञात इंग्रज मानले जातात.

साष्टीतील चाळीस वर्षे

१५८० मध्ये गोव्यातच त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि त्यांची नेमणूक साष्टीत झाली. ही साष्टी म्हणजे आपल्या ठाणे-मुंबईकडची नव्हे, तर दक्षिण गोव्यातील मडगाव-राशोलचा भाग. पुढची जवळजवळ चाळीस वर्षे, १६१९ साली देवाघरी जाईपर्यंत, त्यांचे बहुतेक आयुष्य तिथल्याच गावांत गेले.

तो काळ सुखाचा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. पोर्तुगीज सत्तेने साष्टीतील देवळे पाडली होती आणि लोकांच्या मनात राग होता. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी गावात पाच येशूसंघीय आणि त्यांच्याबरोबरचे काही ख्रिस्ती लोक मारले गेले. त्यांचे मृतदेह मिळवून दफन करण्याच्या कामात फादर स्टीफन्स होते. नंतर सरकारने गावच्या प्रमुखांना बोलावून घेतले आणि कोणतीही न्यायचौकशी न करता ठार केले. दोन्ही बाजूंनी रक्त सांडले. अशा भूमीत फादर स्टीफन्स यांना शुभवर्तमान सांगायचे होते.

त्यांनी भाषेचा मार्ग धरला. ते कोंकणी शिकले, मराठी शिकले, संस्कृतची ओळख करून घेतली. १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात, इथल्या भाषांची ठेवण ग्रीक आणि लॅटिनशी मिळतीजुळती आहे, असे निरीक्षण त्यांनी नोंदवले. युरोपातील विद्वानांनी या नात्याचा पद्धतशीर अभ्यास सुरू करण्याच्या दोनशे वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

मुलांना व नवख्यांना शिकवण्यासाठी त्यांनी कोंकणीत धर्मशिक्षणाचे पुस्तक लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ मध्ये राशोल येथे छापले गेले. कोंकणी भाषेचे त्यांनी लिहिलेले व्याकरण १६४० मध्ये निघाले आणि त्यात दियोगो रिबेरो व इतर येशूसंघीयांनी भर घातली होती. पण त्यांचे मोठे काम मराठीत आहे. घरात बोलायची भाषा एक आणि पोथीची भाषा दुसरी, असे त्या वेळी गोव्यात होते. आपल्या तलासरीकरांना हे निराळे समजावून सांगायला नको. आपणही घरी वारली बोलतो आणि चर्चमध्ये मराठीत प्रार्थना करतो.

पुराण कशासाठी लिहिले

नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना जुनी पुराणे ऐकण्याची सवय होती. ती सोडा असे त्यांना सांगण्यात आले, पण त्यांच्या जागी काय ऐकायचे हे कोणी सांगितले नाही. ग्रंथाच्या सुरुवातीला एक स्थानिक श्रोता धर्मगुरूंना हाच प्रश्न विचारतो आणि त्याचे उत्तर म्हणून सगळी कथा उलगडते. पहिल्या भागात सृष्टीच्या निर्मितीपासून तारणाऱ्याची वाट पाहण्यापर्यंतची जुन्या कराराची कथा ३६ प्रकरणांत येते. दुसऱ्या भागात प्रभू येशूचा जन्म, कार्य, दुःखसहन, मरण व पुनरुत्थान ५९ प्रकरणांत येते. दोन्ही मिळून सुमारे ११,००० ओव्या आहेत. ओवी म्हणजे ज्ञानेश्वर-एकनाथांचा छंद, जात्यावर बसलेल्या बाईच्याही ओठी असलेला. रत्ने, फुले आणि पक्षी यांच्या उपमा देऊन मराठीची थोरवी गाणारा भाग याच ग्रंथात आहे.

हा ग्रंथ १६१६ साली राशोलच्या येशूसंघीय महाविद्यालयात छापला गेला. फादर स्टीफन्स यांना तो इथल्या लिपीत छापायला हवा होता. १६०८ मध्ये त्यांनी रोमला आपल्या वरिष्ठांना पत्र लिहून तशी विनंती केली होती. अडचण साच्यांची होती. युरोपात चोवीस अक्षरांवर काम भागते, इथे जोडाक्षरे व काना-मात्रा धरून सहाशेच्या आसपास साचे पाडावे लागले असते. ते झाले नाही. मराठी पुराण रोमन अक्षरांत छापावे लागले. १६४९ मध्ये दुसरी आणि १६५४ मध्ये तिसरी आवृत्ती निघाली.

छापील प्रती नाहीशा झाल्या

बंधुभगिनींनो, आता आपल्या प्रश्नाजवळ येऊ. या तीन आवृत्त्यांपैकी एकाही आवृत्तीची एकसुद्धा छापील प्रत आज जगात कुठे सापडत नाही. फादर स्टीफन्स यांच्या स्वतःच्या हातची प्रतही ओळखीत नाही.

कारणे अनेक आहेत. आपल्याकडचा पावसाळा आणि वाळवी कागदाला काय करतात ते आपण जाणतो. पण माणसांनीही हातभार लावला. १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने हुकूम काढून तीन वर्षांच्या आत लोकांनी स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी, असे फर्मावले. देशी भाषेतील ग्रंथ छापण्याचे दिवस सरले. पुढे १७५९ मध्ये पोर्तुगीज राज्यातून येशूसंघीयांनाच घालवून देण्यात आले.

तरीही पुराण उरले. ज्यांना ते प्रिय होते त्यांनी ते हाताने उतरवून घेतले. गावोगावच्या ख्रिस्ती घरांत त्याच्या वह्या झाल्या. प्रायश्चित्तकाळात प्रभूच्या दुःखसहनाच्या ओव्या गायल्या जात. गोव्यातून कानडा मुलखात, मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी या वह्या बरोबर नेल्या. वही जीर्ण झाली की दुसरी उतरवायची, असे अडीचशे वर्षे चालले.

१९०७ साली मंगळूरमध्ये जोसेफ सालढाणा यांनी हाती आलेली जुनी हस्तलिखिते एकमेकांशी ताडून पाहिली आणि पुराण पुन्हा छापले, रोमन अक्षरांतच. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्यातून ते देवनागरीत आणले. १९९६ मध्ये येशूसंघीय फादर कारिदाद द्रागो यांची आवृत्ती मुंबईहून निघाली आणि २००९ मध्ये फादर नेल्सन फाल्काव यांनी अभ्यासपूर्ण आवृत्ती दिली. आज आपण पुराणातली ओवी वाचतो ती उतरवणाऱ्यांच्या हातांतूनच आपल्यापर्यंत आली आहे. त्यांतील बहुतेकांची नावेही राहिली नाहीत.

हातांनी काय बदलले

या हातांनी काही बदलले का? होय, बदलले. हे लपवण्याचे कारण नाही. बदल कसे झाले ते मात्र नीट पाहू.

पहिला बदल अक्षरांचा. रोमन लिपीत ण लिहिण्यासाठी न चे अक्षर दोनदा लिहावे लागे, ळ साठी ल चे अक्षर दोनदा. उतरवणाऱ्याने घाईत एक अक्षर गाळले की ण चा न झाला आणि ळ चा ल झाला. पुढच्याला तेच खरे वाटले.

दुसरा बदल शब्दांचा. उतरवणारा माणूस एखाद्या जुन्या शब्दापाशी अडतो आणि नकळत आपल्या बोलीतला शब्द लिहितो. म्हणून वेगवेगळ्या वह्यांत मराठी व कोंकणी रूपे कमीअधिक दिसतात. आपल्या गायनमंडळाच्या वह्यांत हेच झाले होते.

तिसरा बदल भर घालण्याचा. काना गावच्या लग्नात प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला, तो प्रसंग फादर स्टीफन्स यांच्या मूळ रचनेत नव्हता. पास्कोआल गोमिश द फारिया या गोव्याच्याच धर्मगुरूंनी त्या प्रसंगावर ओव्या रचल्या आणि त्या नंतर ग्रंथात घातल्या गेल्या. त्या त्यांच्या नावासह आल्या, म्हणून आज मूळ कोणते व भर कोणती हे कळते. नाव न लिहिता घातल्या असत्या तर ओळखणे कठीण झाले असते.

चौथी गोष्ट सर्वांत मोठी. लंडनमध्ये विल्यम मार्सडन नावाच्या विद्वानाचा जुन्या हस्तलिखितांचा संग्रह आहे. त्यात या पुराणाची देवनागरी लिपीतील प्रत आहे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जस्टिन अॅबट यांनी तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. अॅबट हे प्रॉटेस्टंट मिशनरी, मराठी संतांच्या साहित्याचे जाणकार. या प्रतीत दोन भागांना आदिपुराण व देवपुराण अशी नावे आहेत, आणि रोमन वह्यांत जिथे चर्चच्या व्यवहारातले पोर्तुगीज शब्द येतात तिथे हिच्यात संस्कृत वळणाचे शब्द आहेत. अॅबट यांच्या मते हीच मूळ रचना असून छापताना तिच्यात पोर्तुगीज शब्द आले. इतर काही अभ्यासकांना उलट वाटते, की नंतर कोणीतरी ग्रंथ संस्कृत शब्दांनी सजवला. हा वाद अजून मिटलेला नाही.

पण एक पाहा. शब्दांचा वाद आहे, कथेचा नाही. कुठल्याही वहीत प्रभू येशू बेथलेहेमातच जन्मतो, क्रुसावर मरतो आणि तिसऱ्या दिवशी उठतो. वेगळ्या हातांनी, वेगळ्या गावांत, एकमेकांना न विचारता उतरवलेल्या वह्या हीच साक्ष देतात. आणि चुका कळतात त्याही वह्या अनेक आहेत म्हणूनच. एकच वही उरली असती तर तिच्यातली चूक कोणाला दिसली असती?

हे केवळ ख्रिस्ती ग्रंथाचेच नाही. ज्ञानेश्वरी १२९० साली सांगितली गेली. तीनशे वर्षांच्या नकलांत तिचे पाठ बिघडले, म्हणून संत एकनाथांनी १५८४ मध्ये अनेक प्रती ताडून तिची शुद्ध प्रत तयार केली आणि पुढे कोणी तिच्यात आपल्या पदरच्या ओव्या घालू नयेत अशी ताकीदही दिली. त्या वेळी फादर स्टीफन्स गोव्यात मराठी शिकत होते. सेमिनरीत आम्ही प्लेटो-अॅरिस्टॉटलचे तत्त्वज्ञान शिकलो, तेही त्यांच्या हातच्या पानांवरून नव्हे, तर शतकानुशतकांच्या नकलांवरूनच.

पवित्र शास्त्राचेही तसेच

आता पवित्र शास्त्राकडे येऊ. संत मार्क, संत योहान, संत पौल यांच्या हातचे एकही पान आज उरलेले नाही. आपल्याकडे नकलांच्या नकला आहेत. नव्या कराराची मूळ भाषा ग्रीक. तिच्यातील लहानमोठी हस्तलिखिते पाच हजारांहून अधिक आहेत. सर्वांत जुन्या तुकड्यांपैकी एक इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या ग्रंथालयात आहे. तळहाताहून लहान असलेला तो तुकडा साधारणपणे दुसऱ्या शतकातला मानतात आणि त्याच्यावर योहानच्या शुभवर्तमानातील पिलातासमोरच्या चौकशीच्या ओळी आहेत. जवळजवळ पूर्ण बायबल असलेल्या सर्वांत जुन्या प्रती चौथ्या शतकातल्या आहेत. त्यांतील एक व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहे.

या नकलांतही पुराणासारखेच झाले. कधी डोळा एका ओळीवरून खालच्या तशाच शेवटाच्या ओळीवर घसरला आणि मधला मजकूर गळला. कधी कोणी समासात टीप लिहिली आणि पुढच्याने ती मजकुरातच उतरवली. कधी उतरवणाऱ्याने चांगल्या हेतूने दुरुस्ती केली. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सुरुवातीला यशया संदेष्ट्याचे नाव घेऊन जे वचन दिले आहे, त्याचा पहिला भाग मलाखीच्या ग्रंथातला आहे. ते पाहून काही उतरवणाऱ्यांनी यशयाचे नाव काढले आणि नुसते संदेष्टे असे लिहिले.

आणखी तीन उदाहरणे आपल्या परिचयाची. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेच्या शेवटी राज्य, सामर्थ्य आणि गौरव देवाचे आहे असे सांगणारी ओळ आपले प्रॉटेस्टंट बांधव म्हणतात. आपण मिस्सेत ती थोड्या अंतराने, धर्मगुरूंच्या प्रार्थनेनंतर वेगळी म्हणतो. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या प्रतींत ती ओळ नाही. उपासनेत तोंडी बसलेली स्तुती उतरवणाऱ्यांनी प्रार्थनेला जोडली, असे अभ्यासक मानतात. दुसरे उदाहरण व्यभिचारात पकडलेल्या स्त्रीचे. ही कथा जुन्या ग्रीक प्रतींत नाही, आणि नंतरच्या काही प्रतींत ती योहानमध्ये वेगळ्या ठिकाणी तर काहींत लूकच्या शुभवर्तमानात आढळते. तिसरे, मार्कच्या शेवटच्या अध्यायातील शेवटची बारा वचने दोन सर्वांत जुन्या प्रतींत नाहीत.

योहानच्या पहिल्या पत्रातील त्रैक्याविषयीची एक ओळ तर ग्रीकमध्ये फारच उशिराच्या प्रतींत सापडते. चर्चने १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नव्या लॅटिन बायबलमध्ये ती घेतलेली नाही. पवित्र त्रैक्यावरील आपली श्रद्धा त्या एका ओळीवर उभी नव्हती. ती ओळ निघाली म्हणून श्रद्धा निघाली नाही.

मग विश्वास कशावर ठेवायचा?

आमच्या तरुण मित्राचा खरा प्रश्न हाच होता. आमचे उत्तर असे आहे.

मूळ पान हरवणे आणि मूळ संदेश हरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे लग्नात धवलेरी गाते. एका पाड्यावरची धवलेरी आणि दुसऱ्या पाड्यावरची धवलेरी यांच्या शब्दांत फरक असतो. म्हणून कोणी म्हणत नाही की लग्नाचे गाणे हरवले. ते अनेक तोंडी आहे म्हणून टिकले आहे. १९४७ पासून मृत समुद्राजवळच्या गुहांत यशयाच्या ग्रंथाची गुंडाळी सापडली. तोवर माहीत असलेल्या संपूर्ण हिब्रू प्रतींहून ती सुमारे एक हजार वर्षांनी जुनी होती. तिच्यात लहानसहान फरक पुष्कळ आहेत, पण ग्रंथ तोच आहे.

एखादी कथा कोणाच्या हाताने कोणत्या प्रतीत आली हा एक प्रश्न आणि ती देवप्रेरित आहे का हा दुसरा प्रश्न. १५४६ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने हे ग्रंथ त्यांच्या सर्व भागांसह स्वीकारले. म्हणून त्या स्त्रीची कथा आपण प्रायश्चित्तकाळात चर्चमध्ये वाचतो आणि ती खुद्द योहानने लिहिली नसेल हे मान्य करूनही ती प्रभूची दया सांगते असे मानतो.

चर्चने या प्रश्नांपासून तोंड फिरवले नाही, हेही लक्षात ठेवावे. चौथ्या शतकात लॅटिन शुभवर्तमानांच्या प्रतीप्रतींत इतके फरक पडले होते की पोप दमासस यांनी संत जेरोम यांना त्या ग्रीकशी ताडून सुधारायला सांगितले. लोकांच्या सवयीचे शब्द बदलले म्हणून जेरोम यांच्यावर टीका झाली, तरी त्यांनी काम सोडले नाही. ३० सप्टेंबरला आपण त्यांचा सण पाळतो. १९४३ मध्ये पोप पायस बारावे यांनी मूळ भाषांतील प्रतींचा शास्त्रशुद्ध अभ्यास करण्यास कॅथलिक अभ्यासकांना प्रोत्साहन दिले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये तेच धोरण पुढे नेले. बायबलच्या पानाखाली ज्या बारीक टिपा असतात त्या या श्रमांचे फळ आहेत. आपण त्या वाचत नाही, हा दोष आपला.

देव वचन देतो, पण ते जपायला माणसांचेच हात वापरतो. ते हात थकतात, चुकतात, कधी नको तेवढी हुशारीही करतात. बेथलेहेमच्या गव्हाणीत देवाने स्वतःला माणसांच्या हाती दिले, तसेच आपले वचनही दिले. फादर स्टीफन्स यांनी आपल्या हातची एकही प्रत मागे ठेवली नाही, तरी आपण त्यांचे पुराण वाचतो. ज्या अनाम लोकांनी दिव्याच्या उजेडात त्याच्या वह्या उतरवल्या, त्यांच्याविषयी मनात राग येत नाही, कृतज्ञताच वाटते.

आता दोन लहान कामे. पहिले, ज्यांच्याकडे गीतांच्या जुन्या वह्या आहेत त्यांनी त्या येत्या रविवारी मिस्सेनंतर घेऊन याव्यात. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही बरोबर आणावे. आपण त्या शेजारी शेजारी ठेवून पाहू आणि एक चांगली प्रत तयार करू. नवी वही उतरवणाऱ्याने शेवटच्या पानावर आपले नाव, तारीख आणि कोणाच्या वहीवरून उतरवले ते लिहावे. स्वतःचे कडवे जोडायचे असेल तर जरूर जोडावे, पण फारिया धर्मगुरूंसारखे नावासह.

दुसरे काम आमचे. त्या तरुणाला आम्ही भेटून क्षमा मागणार आहोत. वाचनाचे पुस्तक मंचावर उघडेच आहे आणि त्याची जागा कोणाला दिलेली नाही. कोणाच्याही मनात असा प्रश्न असेल तर मिस्सेनंतर थांबावे. या वेळी आम्ही घाई करणार नाही.

प्रभूचे वचन आपल्या ओठी, मनी आणि जीवनी राहो.

आपले प्रमुख धर्मगुरू